मूल्ये पाठ आहेत, पण…

महोदय,

‘मूल्यशिक्षणाचे जादा तास घ्या’ ही मागणी आमच्या पालकसभेत हमखास होते. मी एकवीस वर्षे सातवीला गणित शिकवते. श्रमप्रतिष्ठेपासून संवेदनशीलतेपर्यंत दहाही मूल्ये आमच्या मुलांना तोंडपाठ आहेत.

गेल्या ऑक्टोबरात वीस गुणांच्या चाचणीचे पेपर मी घरी नेले, मोबाइलवर फोटो काढले आणि काही खूण न करता दुसऱ्या दिवशी परत दिले. फळ्यावर उत्तरे लिहिली, ‘आपापला पेपर तपासा’ म्हटले आणि दाराशी जाऊन उभी राहिले. बेचाळीसपैकी अकरा जणांनी उत्तरे बदलली. परिपाठात सुविचार सांगणारी मुलगीही त्यांत होती. खोडलेल्या ४८चा ठसा तसाच होता, वर ८४ लिहिले होते. ज्याच्या तक्रारी दर आठवड्याला येतात, त्या मुलाने स्वतःला चार गुण दिले. आणि दिवाळीनंतर मैदानात सापडलेली पन्नासची नोट त्याच मुलीने धावत आणून दिली!

ही पद्धत माझी नव्हे. अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठाच्या टीचर्स कॉलेजातून ह्यू हार्टशोर्न आणि मार्क मे यांनी ८ ते १६ वयोगटातील दहा हजारांहून अधिक मुलांना असेच पारखले. त्यांच्या अभ्यासाचा पहिला खंड १९२८ साली आला. वर्गात कॉपी करणारे मूल खेळात लबाडी करीलच असे नाही, आणि चांगले काय हे माहीत असल्याने वागणे फारसे बदलत नाही, असे त्यांना आढळले. वर्गाचे एकंदर वातावरण आणि शिक्षकांशी असलेले नाते यांनी मात्र फरक पडत होता.

मुलांना न सांगता फोटो काढले, याचे मला फार वाईट वाटले. म्हणून दुसऱ्याच दिवशी वर्गाला सगळे सांगितले, नावे न घेता. एक जण हळूच म्हणाला, ‘बाई, मार्क घरी सांगावे लागतात ना.’ मी त्या दिवसापासून गुण मोठ्याने वाचणे बंद केले. त्याने काय साधले, हे एका वर्षात सांगणे घाईचे होईल.

जादा तासांऐवजी विद्यापीठांच्या मानसशास्त्र विभागांनी संशोधक शाळांत पाठवावेत. पालकांच्या संमतीने त्यांनी वर्षभर वर्गात बसावे, मुलांशी बोलावे, डबा खाताना ती कशी वागतात तेही पाहावे. माझ्या वर्गात जूनपासून कुणीही यावे.

– एक शिक्षिका, कराड