संदर्भ विभागातील ग्रंथपाल काकांस

आदरणीय काका,

सप्रेम नमस्कार.

गेल्या आठवड्यात एका संस्थेने माझ्याकडून आठ लेख मागवले. घरच्यांनंतर ही बातमी सर्वांत आधी आपल्याला कळायला हवी होती, म्हणून हे जाहीर पत्र.

दोन वर्षांपूर्वी मी खानापूरहून बसने येऊन बेळगावच्या आपल्या वाचनालयात बसू लागले. त्या दिवसांत जिथे लेखनाचे काम मागावे तिथे ‘आधीचे काही लिहिलेले दाखवा’ असेच ऐकावे लागे, आणि कामच मिळाले नसताना दाखवायचे काय, या कोड्यात मी अडकले होते. आपण म्हणालात, ‘‘कुणी काम देईल म्हणून कशाला थांबतीस? आपल्या गावावर लिही. पण ऐकीव एक वाक्य नको.’’

मी टिळकवाडीतल्या, काँग्रेस अधिवेशनासाठी खोदलेल्या काँग्रेस विहिरीवर लिहून आणले. लोकमान्यांनी एप्रिल 1916 मध्ये बेळगावात होमरूल लीग स्थापन केली ती घटना आणि डिसेंबर 1924 चे काँग्रेस अधिवेशन यांची मी त्यात सरमिसळ केली होती. आपण चूक सांगितली नाही. सनाभोवती पेन्सिलीने बारीक वर्तुळ काढून, पानांत कागदाच्या पट्ट्या घातलेली दोन पुस्तके समोर ठेवलीत. लोकमान्य 1920 मध्येच गेले होते आणि 1924 चे अधिवेशन गांधीजींच्या अध्यक्षतेखाली झाले होते, हे मी स्वतः वाचून दुरुस्त केले. त्या पट्ट्या अजून माझ्या वहीत आहेत.

1884 च्या मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअरचा बेळगाव खंड आपण स्वतः पाने उलटून दाखवलात, कारण कडा हात लावताच तुटत होत्या. त्यातली पिके, पेठा आणि रस्ते यांची माहिती घ्यावी, मात्र माणसांविषयीची मते ही त्या काळच्या साहेबाची मते म्हणूनच वाचावीत, ही आपली सूचना मला आजही प्रत्येक जुन्या कागदापाशी आठवते.

दिवाळी अंकांतील लेखांचे शब्द मोजायला लावलेत, तेव्हा मला कंटाळा आला होता, हे कबूल करते. पण कणकुंबीतल्या मलप्रभेच्या उगमावर दीडशे शब्दांचे टिपण, आठशे शब्दांचा लेख आणि एक मुलाखत असे तीन नमुने तयार झाले ते त्या सवयीमुळेच. कन्नड कपाटातले पुस्तक काढून त्यातल्या दोन पानांचा मराठी अनुवादही आपणच करवून घेतलात. मला तर शाळेत शिकलेले कन्नड कधी कामी येईल असे वाटलेच नव्हते. आताचे काम देताना त्या संस्थेने सर्वांत आधी विचारले ते त्या अनुवादाविषयी.

येत्या शनिवारी पहिल्या लेखाचा मसुदा घेऊन येत आहे. पेन्सिल तयार ठेवावी, ही विनंती.

आपली,
संदर्भ विभागातील एक वाचक