पिकार्ड बदलला की लेखक विसरले?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

'स्टार ट्रेक'सारख्या वर्षानुवर्षे चालणाऱ्या विज्ञानकथा मालिकांवर मराठीतूनही आता हिरिरीने लिहिले जाते, वादही होतात. त्या वादांत दोन आक्षेप मात्र हमखास एकाच पारड्यात टाकले जातात. 'सातत्य मोडले' हा एक आणि 'हा माणूस असा वागणारच नाही' हा दुसरा. पहिला आक्षेप नोंदींचा असतो. तारीख आणि संवाद काढून दाखवला की निकाल लागतो. दुसरा स्वभावाचा असतो, तिथे नोंदींनी फक्त वाद सुरू होतो. दोन्हींची गल्लत झाली की थडग्यावरच्या एका अक्षरावरून रान उठते आणि खरी चूक तशीच निसटून जाते. याचे ठळक उदाहरण म्हणजे 'द नेक्स्ट जनरेशन' या 'स्टार ट्रेक' मालिकेचा नायक, अवकाशजहाजाचा कॅप्टन पिकार्ड. १९९६ च्या चित्रपटात दिसतो तसा तो वागणारच नाही, लेखक त्याचा भूतकाळच विसरले, असे काही चाहते म्हणतात.

नोंदींच्या चुका आधी हातावेगळ्या करतो. १९६६ साली सुरू झालेल्या मूळ मालिकेच्या दुसऱ्या पायलट (चाचणी) भागात कॅप्टन कर्कच्या थडग्यावर 'जेम्स आर. कर्क' असे कोरलेले दिसते, पुढे तो कायमचा 'जेम्स टी.' झाला. खलनायक खान पहिल्या सीझनमध्ये, फेब्रुवारी १९६७ मध्ये येऊन गेला, तर जहाजावरचा अधिकारी चेकॉव्ह पडद्यावर आला तो त्याच वर्षीच्या सप्टेंबरात, दुसऱ्या सीझनबरोबर. तरीही १९८२ च्या चित्रपटात खान चेकॉव्हचा चेहरा ओळखतो. तेव्हा चेकॉव्ह जहाजावर होता, कॅमेऱ्यासमोर नव्हता, एवढे मानले की गाठ सुटते. क्लिंगॉन या परग्रहवासी जमातीची कपाळे मूळ मालिकेत गुळगुळीत होती, १९७९ च्या चित्रपटापासून त्यांवर कंगोरे आले, कारण मेकअपला पैसे मिळाले. १९९६ साली 'डीप स्पेस नाइन' या मालिकेत वॉर्फ या क्लिंगॉन अधिकाऱ्याने 'आम्ही बाहेरच्यांशी याविषयी बोलत नाही' अशा अर्थाचे एक वाक्य टाकून विषय सुरेख मिटवला होता. तो तिथेच राहायला हवा होता. २००५ साली 'एंटरप्राइज' या मालिकेने दोन भाग खर्चून त्यामागे विषाणूची कथा रचली. तिने शंका फिटली, पण गंमत गेली.

आक्षेप नोंदवण्यापूर्वी भागांचा क्रम तपासावा, हे मात्र आग्रहाने सांगावेसे वाटते. तो दुसरा पायलट चित्रित झाला १९६५ साली, पण दाखवला गेला तिसऱ्या क्रमांकाने, २२ सप्टेंबर १९६६ रोजी. प्रसारणाच्या क्रमाने पाहणाऱ्याला पहिल्या दोन भागांत डॉक्टर मकॉय दिसतो, तिसऱ्यात अचानक पायपर नावाचा दुसराच डॉक्टर येतो, गणवेश बदलतात, परग्रहवासी अधिकारी स्पॉकच्या भुवया वेगळ्या होतात आणि पुढच्या आठवड्यात सगळे पूर्ववत होते. निर्मितीच्या क्रमाने पाहिले तर यात काहीच विचित्र नाही. पहिल्या पायलटमध्ये एरवी भावनाशून्य असलेला स्पॉक चक्क हसतो, त्याचेही तसेच. त्या भागात भावनाशून्य, तर्कनिष्ठ अधिकारी होती 'नंबर वन' ही स्त्री. वाहिनीने पायलट नाकारला, ती भूमिका गेली आणि तिचा थंडपणा स्पॉककडे आला. याला पात्राचा विकास म्हणू नये. पात्र अजून घडत होते.

नोंदीची चूक जिवावर बेतते ती 'व्हॉयेजर' या मालिकेत. जहाज घरापासून सुमारे ७० हजार प्रकाशवर्षे दूर फेकले गेले आहे, आणि पहिल्याच सीझनमध्ये स्वच्छ सांगितले जाते की फोटॉन टॉर्पेडो (जहाजावरची अस्त्रे) ३८ आहेत व संपले की नवे मिळणार नाहीत. चाहत्यांनी एकेक मोजला. मालिकेच्या सात सीझनांत डागलेल्यांची संख्या ३८ च्या बरीच पुढे जाते. टंचाई हाच या मालिकेचा पाया होता, म्हणून ही चूक मोठी. टॉर्पेडो संपत नाहीत म्हटल्यावर कॅप्टन जेनवेच्या कुठल्याच निर्णयाला किंमत मोजावी लागत नाही. इथे आकडा चुकला आणि स्वभावही पातळ झाला.

आता पिकार्ड. 'द नेक्स्ट जनरेशन'चा तिसरा सीझन जून १९९० मध्ये संपला तेव्हा बॉर्गने, म्हणजे माणसांना पकडून आपल्या सामूहिक मनात सामील करून घेणाऱ्या अर्धयांत्रिक जमातीने, कॅप्टन पिकार्डला पळवून, त्याच्या देहात यंत्रे बसवून त्याचा 'लोक्युटस' केला होता. त्याच कथेच्या, सप्टेंबरात दाखवलेल्या उत्तरार्धात त्याची सुटका झाली. पण तोवर वुल्फ ३५९ च्या लढाईत ३९ जहाजे आणि जवळपास ११ हजार माणसे गेली होती, आणि ती मारायला वापरलेले ज्ञान त्याच्याच डोक्यातले होते. ही मालिका एखाद्या राष्ट्रीय नेटवर्कवर नव्हती, ती अमेरिकेतल्या स्थानिक केंद्रांना विकली जाई. पुनःप्रक्षेपणात भागांचा क्रम कुणी पाळेलच असे नाही, म्हणून प्रत्येक भाग स्वतंत्र हवा आणि अखेरीस सगळे मूळपदावर यायला हवे, असा दंडक होता. तो दंडक मोडून पुढच्याच आठवड्यात 'फॅमिली' आला. लेखक रोनाल्ड डी. मूर. या भागात जहाजाचा ब्रिज (नियंत्रणकक्ष) दिसत नाही, आणि यंत्रमानव अधिकारी डेटा अजिबात नसलेला मालिकेतला हा एकमेव भाग आहे. पिकार्ड फ्रान्समध्ये थोरल्या भावाच्या, रॉबेरच्या द्राक्षमळ्यात जातो. दोघे चिखलात मारामारी करतात, आणि मग पिकार्ड ढसाढसा रडत सांगतो की त्याला बॉर्गना थांबवता आले नाही.

इथे स्टारडेट, म्हणजे मालिकेतल्या काल्पनिक तारखा, कामी येतात. या मालिकेत साधारण हजार एकक म्हणजे एक वर्ष. उत्तरार्धाची तारीख ४४००१.४, 'फॅमिली'ची ४४०१२.३. फरक अकरा एककांचा, म्हणजे जेमतेम चार दिवस. जखम किती ओली होती ते यावरून कळते.

मे १९९२ मध्ये 'आय बॉर्ग' आला. लेखक रेने एचेवारिया. एक जखमी, कोवळा बॉर्ग हाती लागतो. त्याच्या मेंदूत एक अशक्य भौमितिक आकृती भरून त्याला परत पाठवायचे, ती सोडवता सोडवता साऱ्या बॉर्ग समूहाची बुद्धी कोसळेल, असा बेत पिकार्ड मंजूर करतो. पिकार्डची विश्वासू मैत्रीण गायनन सुरुवातीला त्याच्याहूनही कठोर असते. मग पिकार्ड स्वतः लोक्युटसचे सोंग घेऊन त्या बॉर्गला, म्हणजे ह्यूला, हुकूम सोडतो आणि ह्यू नकार देतो. नकार देताना तो 'आम्ही' न म्हणता 'मी' म्हणतो. बेत तिथेच रद्द होतो.

म्हणून नोव्हेंबर १९९६ च्या 'फर्स्ट कॉन्टॅक्ट' चित्रपटावरचा आक्षेप पोकळ नाही. ज्याने एका बॉर्गमध्ये माणूस पाहिला, तोच होलोडेकमध्ये (हुबेहूब आभासी दृश्ये उभी करणाऱ्या खोलीत) टॉमी गन घेऊन बॉर्गना भाजून काढतो, आणि त्यांतला एक त्याच्याच जहाजावरचा, बॉर्ग बनवला गेलेला एन्साइन लिंच असतो. 'हा आमचा पिकार्ड नव्हे' असे म्हणणारे चाहते आजही भेटतात.

पण मधली चार वर्षे वगळून हा आक्षेप घेता येत नाही. जून १९९३ च्या 'डिसेंट'मध्ये ॲडमिरल नेचायेव्ह त्याला ह्यूच्या सुटकेबद्दल खडसावते आणि पुन्हा अशी संधी आली तर बॉर्गचा नायनाट कर, असा स्पष्ट आदेश देते. त्याच कथेच्या उत्तरार्धात कळते की ह्यूने परत नेलेल्या 'मी'पणामुळे त्याच्या जहाजावरचे बॉर्ग सैरभैर झाले आणि डेटाचा दुष्ट भाऊ लोर याच्या हाती सापडले. म्हणजे पिकार्डच्या दयेचा पहिला हिशोब कडू निघाला. नोव्हेंबर १९९४ च्या 'जनरेशन्स'मध्ये भाऊ रॉबेर आणि पुतण्या रेने आगीत जातात. ज्या घरी तो रडला होता, ते घर गेले. आणि १९९६ च्या चित्रपटाच्या आरंभी स्टारफ्लीट (ज्या अवकाशदलात तो कॅप्टन आहे ते) त्याला लढाईपासून मुद्दाम दूर ठेवते, कारण बॉर्गने ग्रासलेल्या माणसावर त्यांचा भरवसा नाही.

'लेखक विसरले' हे तर मुळीच खरे नाही. 'जनरेशन्स' आणि 'फर्स्ट कॉन्टॅक्ट' या दोन्ही पटकथा मूर आणि ब्रॅनन ब्रागा यांच्या. द्राक्षमळ्यातले अश्रू लिहिणारा माणूसच ती टॉमी गन लिहीत होता. चित्रपट पिकार्डच्या रागाला शौर्यही म्हणत नाही. पिकार्ड वॉर्फला भित्रा ठरवतो, आणि लिली ही बाहेरची स्त्री, जिला या जहाजाशी काही देणेघेणे नाही, ती त्याच्या तोंडावर सांगते की हा सूड आहे. तो काच फोडतो, आतल्या जहाजांच्या प्रतिकृती मोडतात, आणि मग तो भानावर येतो. माझ्या मते हा स्वभावाचा भंग नाही. सहा वर्षे दाबून ठेवलेले दुःख बाहेर पडले. (सहा वर्षे हे पिकार्डचेच शब्द. स्टारडेटने मोजले तर ४३९८९.१ ते ५०८९३.५ हे अंतर सहा वर्षे अकरा महिन्यांच्या आसपास भरते. ही चूक दाखवणाऱ्याचे गणित बरोबर आहे, पण तिने काही बिघडत नाही.)

खरा दोष चित्रपटात आहे, तो वेगळ्या जागी. बॉर्ग झालेला माणूस परत आणता येतो, याचा जिवंत पुरावा स्वतः पिकार्ड आहे. डेटा आणि डॉक्टर क्रशर यांनी त्याला परत आणले होते. मग लिंचला का नाही? वेळ नव्हता, रुग्णालय शत्रूच्या ताब्यात गेले होते, काहीही चालले असते. एक वाक्य पुरेसे होते, ते लिहिलेले नाही. ह्यूचे नावही कुणी काढत नाही. मालिका न पाहिलेल्या प्रेक्षकाला चित्रपट कळायला हवा, हे त्यामागचे कारण समजते, पटत नाही. बॉर्गची राणी म्हणते की पिकार्डला पळवले तेव्हा तीही तिथे होती, आणि १९९० च्या भागांत ती कुठेच दिसत नाही. चाहते या राणीवर फार वेळ घालवतात. तिला माफ करायला माझी हरकत नाही, लिंचच्या बाबतीत ते जमत नाही.

२०२० साली 'पिकार्ड' मालिकेत ह्यू परत आला. बंद पडलेल्या बॉर्गच्या घनाकृती जहाजात सुटका झालेल्यांवर उपचार चाललेले दिसतात आणि तिथे पाऊल टाकताच म्हाताऱ्या पिकार्डला जुन्या आठवणी घेरतात. इतक्या वर्षांनी आठवण जागी ठेवली, हे फार चांगले झाले. त्याने लिंचचा प्रश्न मात्र आणखी टोकदार होतो.

याउलट डेटाला भावना देणारी चिप पाहा. १९९० साली लोरने ती पळवली, १९९३ मध्ये परत मिळाली, १९९४ मध्ये बसवली आणि मेंदूशी इतकी जुळली की काढता येईना. १९९६ मध्ये तो ती हवी तेव्हा बंद करू लागला. १९९८ च्या चित्रपटात मात्र कळते की तो ती सोबत न घेताच गेला आहे, आणि २००२ मध्ये तिचा उल्लेखच नाही. सात सीझन माणूस होण्याची आस धरलेल्या पात्राची सर्वांत मोठी घटना अशी हवेत विरली. हा प्रश्न दिसायला तांत्रिक नोंदीचा आहे, पण नुकसान स्वभावाचे झाले. 'डीप स्पेस नाइन'मधल्या ओब्रायनचेही तसेच. एप्रिल १९९६ च्या 'हार्ड टाइम'मध्ये त्याच्या मनात वीस वर्षांच्या तुरुंगवासाच्या आठवणी घातल्या जातात, तो आत्महत्येच्या काठावर येतो, आणि पुढच्या भागापासून जणू काही घडलेच नाही. पिकार्डने 'द इनर लाइट'मध्ये जगलेल्या परक्या आयुष्यातली बासरी पुढच्या सीझनमध्ये निदान पुन्हा वाजली.

आपल्या पुरवणीला विनंती एवढीच की अशा मालिकांवरचा मजकूर छापताना प्रत्येक भागाचा सीझन, क्रमांक आणि मूळ प्रसारणाची तारीख द्यावी. पात्रांच्या नावांचे लेखन एकच ठेवावे, एकाच पानावर 'पिकार्ड' आणि 'पिकार' आले की जुन्या मजकुरातला संदर्भ शोधणे कठीण होते. आणि संवादावर आक्षेप घ्यायचा असेल तर तो उपशीर्षकावरून किंवा डबिंगवरून न घेता मूळ आवाज ऐकून घ्यावा, असे लिहिणाऱ्यांना सुचवावे. ह्यूचा 'मी' भाषांतरात हरवला, तर त्या भागाची सगळी कथाच हरवते.

कळावे,
आपला एक वाचक, पुणे