एकराचे गुंठे चाळीसच का?

प्रिय शशी,
सप्रेम नमस्कार.

वाटणीच्या मोजणीचा नकाशा मिळाला. सोबत तू सहज विचारलंस, की एकर हा शब्द आला कुठून आणि त्याचे गुंठे चाळीसच का? हा विषय कुणी नुसता छेडायचा अवकाश, मी सुरूच होतो!

जुन्या इंग्रजीत ‘एकर’ म्हणजे नुसतं शेत, माप नव्हे. लॅटिनमधला ‘आगेर’ आणि ऋग्वेदातला ‘अज्र’ ही त्याची सख्खी भावंडं. पुढे बैलांच्या औताने दिवसभरात जेवढं नांगरून होईल, तेवढ्या रानाला तिथले लोक एकर म्हणू लागले. खरी गंमत त्याच्या आकारात आहे. चिकण जमीन, जड नांगर, त्याला कधी आठ-आठ बैल. एवढं लटांबर बांधावर वळवायचं म्हणजे जिवावर यायचं. मग तास, म्हणजे नांगराची चरी, निघेल तितकं लांब काढायचं. फर्लांग म्हणजे तेच ‘लांब तास’, २२० यार्डांचं. आपल्याकडची म्हातारी माणसं ‘फर्लांगभर लांब’ म्हणायची ना, तोच हा. एकराची रुंदी मात्र जेमतेम २२ यार्ड, म्हणजे रान चिंचोळं पट्टीसारखं.

१६२० मध्ये एडमंड गंटर या इंग्रज गणितज्ञाने याच रुंदीची, ६६ फुटी, शंभर कड्यांची साखळी रूढ केली. (क्रिकेटची खेळपट्टीही एवढीच!)

आपल्याकडे तेव्हा काठी, पांड, बिघा ही मापं. काठी पाच हात पाच मुठींची. हात कुणाचा धरायचा, यावर भांडणं होणारच. इंग्रजी अमलात जमिनीची पाहणी झाली आणि एकर-गुंठा कागदावर बसले. १८३५ च्या सुमारास इंदापूर तालुक्यात गोल्डस्मिड आणि विंगेट या इंग्रज अधिकाऱ्यांनी काम हाती घेतलं, तेच पुढे मुंबई इलाख्यात वाढत गेलं. मोजणीची साखळी ३३ फुटी, गंटरच्या बरोबर निम्मी, आणि तिचे भाग सोळा, त्यांना नाव आणे! तिचा चौरस म्हणजे गुंठा, १०८९ चौरस फूट. एकर म्हणजे ६६० फूट गुणिले ६६ फूट, ४३,५६० चौरस फूट. आता त्याला गुंठ्याने भाग. आले ना चाळीस?

सातबाऱ्यावर हल्ली हेक्टर-आर असतात आणि पारावर बोलणं एकरात. तिथेच घोळ होतो. हेक्टर म्हणजे २.४७ एकर, तुम्ही सरसकट अडीच धरलेत, तर हेक्टरमागे गुंठाभराहून जास्त फरक पडतो. सह्या करण्याआधी तेवढं पुन्हा मांडून बघ.

काकांना नमस्कार.

तुझा,
विनू