आई-बाबा, रविवारी मी तुमच्याबद्दल बोलले

ती. आई-बाबांना सा. न.

तीनदा फोन लावला आणि तीनदा दुसरंच बोलत बसले, द्राक्षाची छाटणी कधी धरणार, आईचा गुडघा कसा आहे, पाऊस उघडला का. जे सांगायचं ते राहिलंच. म्हणून लिहितेय. दादाला सांगितलंय प्रिंट काढून द्यायला, मोबाईलवर एवढं वाचलं की बाबांच्या डोळ्यातून पाणी येतं.

तर गेल्या रविवारी मी चारचौघात बाबांबद्दल बोलले. चांगलं बोलले, आणि एक गोष्ट अशीही सांगितली की जी आपल्या घरात कुणी कधी काढत नाही. मावशीची जाऊ, मी जिथे बोलले त्याच सोसायटीत राहते आणि ती समोरच बसली होती, म्हणजे फिरत फिरत तुमच्यापर्यंत येणारच, तर ते आधी माझ्याकडून कळावं असं वाटलं.

झालं असं की इथल्या पालकांनी आसपास शिकवणी घेणाऱ्या सगळ्यांना बोलावलं होतं. पाच जण होतो आम्ही. प्रत्येकाने दहा मिनिटं सांगायचं, आपण कुठून आलो, काय शिकलो, मुलांना कसं शिकवतो आणि तसंच का शिकवतो. मला आधी वाटलं जाहिरातीसारखं होईल सगळं. पण लोक खरं बोलले हो बाबा. एक बँकेतून रिटायर झालेले काका आहेत, अकरावी-बारावीचं अकाउंट्स घेतात, ते म्हणाले मी पहिला महिना पुस्तक उघडूच देत नाही, घरखर्चाची वही लिहायला लावतो, ज्याला आपल्या घरातले 100 रुपये कुठे गेले ते सापडत नाही त्याला ताळेबंद काय कळणार. दुसरा एक बीएड झालेला मुलगा, शिक्षकांची टीईटी परीक्षा पास आहे, शिक्षकभरतीच्या पवित्र पोर्टलकडे डोळे लावून बसलाय आणि तोवर सायकलवरून घरोघरी जाऊन पाचवी ते आठवीला मराठी-इंग्रजी शिकवतो. त्याचं एकच म्हणणं, मूल मोठ्याने वाचत असलं की मधे तोडायचं नाही, चुकलं तरी वाक्य पुरं होऊ द्यायचं. त्याला लहानपणी बोबडं बोलायची सवय होती आणि वर्गात त्याचं एक वाक्य कधी पुरं होऊ दिलं नाही कुणी, हे त्याने एवढ्या शांतपणे सांगितलं की हॉल गप्प झाला.

मग एक सत्तरीच्या ताई उठल्या, तरुणपणी डहाणूकडच्या कोसबाडच्या टेकडीवर, आदिवासी मुलांना शिकवणाऱ्या अनुताई वाघांच्या हाताखाली काम केलेल्या. बाबा, तुम्ही असायला हवे होतात, तुमच्या डीएडच्या गोष्टी आठवल्या मला. अनुताईंच्या गुरू ताराबाई मोडकांनी 1945 ला बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं, मग 1957 ला ते कोसबाडला गेलं, वारली मुलं गुरं राखायला जातात म्हणून शाळेत येत नाहीत तर शाळाच त्यांच्याकडे न्यायची, पाड्यावर अंगणात अंगणवाडी आणि गुरांमागे कुरणशाळा. त्या ताई आजही चार-पाच वर्षांच्या मुलांना घेतात आणि त्यांच्याकडे विकत आणलेलं खेळणं एक नाही, चिंचोके, शंख-शिंपले, पानं, खडे. म्हणाल्या, मूल जिथे आहे तिथे आपण जायचं, बस. त्यांच्यानंतर एक सर होते, मोठ्या कोचिंगमध्ये शंभर-शंभरच्या बॅचला फिजिक्स शिकवायचे, मुलांची नावंच माहीत नसायची म्हणून सोडलं, आता आठ मुलं घेतात.

आणि मग माझा नंबर.

मी कागद लिहून नेला होता. बीई कम्प्युटर, बारा वर्षं कंपनीत, दीड वर्षापासून गणिताच्या शिकवण्या, प्रत्येक मुलाकडे वैयक्तिक लक्ष, संकल्पना स्पष्ट करण्यावर भर. वाचायला लागले आणि दोन ओळींनंतर माझं मलाच ते परक्याचं वाटलं. तेवढ्यात पुढच्या रांगेतली एक आई म्हणाली, मॅडम, मध्येच विचारते, तुम्ही मुलांवर हात उगारता का, आमच्या मुलाला आधीच्या क्लासमध्ये पट्टी बसलीये, तो आता वही उघडली की पोट दुखतंय म्हणतो.

मी कागद बाजूला ठेवला आणि सात पाऊणची गोष्ट सांगितली.

बाबा, तुम्हाला आठवते का मला माहीत नाही. मी चौथीत होते, स्कॉलरशिपचं वर्ष, 1997. दोनशिक्षकी शाळा, तिसरी-चौथी एकाच खोलीत तुमच्याकडे. तुम्ही पावकी, निमकी, पाऊणकी, म्हणजे पाव, अर्धा, पाऊणचे पाढे घेत होतात आणि मला उभं करून विचारलंत, सात पाऊण? मी साडेपाच म्हणाले. तुमच्या हातात खडू होता, त्याच हाताने तुम्ही माझ्या गालावर मारलीत. घरी आल्यावर आईने तोंड धुवायला नेलं तेव्हा गालावर खडूची पांढरी बोटं तशीच होती. दुसऱ्या मुलांना तुम्ही छडी मारायचात ती तळहातावर, मला तोंडावर मारलीत कारण मी गुरुजींची मुलगी, माझी गय केली असं कुणी म्हणायला नको. हे मला पुढे कळलं. पण नऊ वर्षांच्या मुलीला ते कसं कळणार. आजही सात पाऊण म्हटलं की उत्तर सव्वापाच येतं ते हात गालाकडे गेल्यावरच येतं.

एवढं बोलले मी. रडले नाही. आणि लगेच पुढे हेही सांगितलं की माझ्या शिकवण्यातली सगळ्यात चांगली गोष्ट पण मी त्याच माणसाकडून घेतली. तुमच्या वर्गात खोडरबर नव्हता. चुकलेलं उत्तर पुसायचं नाही, खाली एक रेघ मारायची आणि शेजारी बरोबर लिहायचं, आणि तुम्ही वही तपासायला घेतलीत की आधी त्या रेघा मारलेल्या जागा बघायचात, बरोबर आलेली गणितं नंतर. म्हणायचात, पोरगं कुठं अडलंय ते इथं कळतं. माझ्याकडे येणाऱ्या मुलांना पहिल्या दिवशी मी हेच सांगते, रबर दप्तरात ठेवा. पहिले पंधरा दिवस फार जड जातं त्यांना, इंग्लिश मीडियमच्या मुलांना तर फारच, वही घाण दिसते म्हणून घरून पण तक्रार येते. मग हळूहळू लपवायचं बंद करतात.

या रबर नसल्यामुळेच मला एकीचं कळलं. सहावीतली आहे, खूप शांत, पेपरात बरे मार्क. तिने लिहिलं होतं 0.25 हे 0.3 पेक्षा मोठं. मी चूक म्हटलं नाही, विचारलं कसं ठरवलंस. तर म्हणते, पंचवीस मोठे ना तीनपेक्षा. वर्षभर ती दशांश अपूर्णांक अशीच वाचत होती, टिंबानंतरचा आकडा म्हणजे साधी संख्या, आणि बेरीज-वजाबाकीत ते कधी उघडं पडलंच नाही. मी तिला ओट्यापाशी नेलं, मापाच्या जगमध्ये आधी पाव लिटर पाणी भरलं, 250 मिली, तिने काठाशी डोळे नेऊन बघितलं, मग म्हटलं आता 0.3 लिटर भर. तिने 300 च्या रेघेपर्यंत ओतलं आणि जग तसाच धरून उभी राहिली. काही बोलली नाही. जाऊन बसली, आपल्या उत्तराखाली स्वतः रेघ मारली आणि शेजारी लिहिलं. त्या रेघेला पट्टी लावली होती तिने, इतकी सरळ.

आणि आई, तो "कसं ठरवलंस" तुझा आहे बरं का. तू सातवी शिकलेली, पण भाकरी थापता थापता मला म्हणायचीस, कसं काढलंस ते मला सांग, मी सांगितलं की म्हणायचीस मला नाही समजलं, परत सांग. मला तेव्हा राग यायचा की हिला एवढं पण कळत नाही. परत सांगताना मधेच मला माझी चूक सापडायची आणि मी गप्प व्हायचे, तू काही न बोलता तव्यावरची भाकरी उलटायचीस. तुला खरंच समजत नव्हतं की मुद्दाम विचारायचीस हे मी तुला कधी विचारलं नाही. आता विचारतेय. फोनवर सांग.

बाबा, अजून एक, 2019 ला बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात पंचवीसला वीस पाच असं पण दिलं होतं तेव्हा तुम्ही खूप चिडला होतात, म्हणालात मराठीचं वाटोळं करतायत, गणित समितीच्या अध्यक्ष मंगलाताई नारळीकरांसारख्या बाईंनी असं का करावं. तेव्हा मी पण हो ला हो केलं. पण आता रोज बघतेय. तिसरीतला एक मुलगा आहे, आजीसोबत घरी मराठी, शाळेत इंग्लिश. पंचेचाळीस लिही म्हटलं की 54 लिहितो. आपण बोलताना पाच आधी बोलतो आणि लिहिताना चार आधी लिहितो, त्याने जे ऐकलं त्या क्रमाने बिचाऱ्याने लिहिलं. आणि एकोणपन्नास तर त्याला पन्नासच्या पुढचे वाटतात. मी त्याला चाळीस पाच म्हणजेच पंचेचाळीस असं दोन्ही सांगते, नोटा मांडून सांगते, आणि जुनी नावं सोडत नाही कारण आजीने पंचेचाळीस रुपयांची भाजी आणायला सांगितली तर त्याला कळली पाहिजे. तुम्ही चिडलात ते भाषेसाठी हे कळतं मला. त्या मुलाची वही बघितली असतीत तर तुम्हीच आधी त्याला चाळीस पाच शिकवलं असतंत, मला खात्री आहे.

आता पैशाचं. तुम्हाला शिकवणी हा शब्दच आवडत नाही. आरटीईचा, म्हणजे शिक्षण हक्काचा कायदा यायच्या कितीतरी आधीपासून तुम्ही एक रुपया घेतला नाहीत, संध्याकाळी शाळेच्या ओट्यावर कंदील टांगून जादा तास घ्यायचात, 2009 च्या कायद्यात शिक्षकाने खाजगी शिकवणी घ्यायची नाही असं कलम आलं तेव्हा म्हणालात हे लिहायला कशाला लागतं. आणि त्याच कायद्याने छडी पण बंद झाली, त्यावर मात्र तुम्ही काही बोलला नाहीत, घरातली छडी कधी नाहीशी झाली ते पण आम्हाला कळलं नाही. मी फी घेते बाबा. सहा-सहा मुलांच्या तीन बॅच आहेत, त्यावर माझं घर चालतं, कंपनीत मिळायचे त्याच्या निम्मे पण होत नाहीत पण चालतं. आमच्या बिल्डिंगमध्ये स्वयंपाकाला येणाऱ्या ताईंच्या दोन मुली येतात, त्यांच्याकडून घेत नाही आणि कोण देतं कोण नाही हे मुलांना माहीत नाही. मार्कांची गॅरंटी कुणाला देत नाही. एका मुलाला पाच महिन्यांनी त्याच्या आईला सांगून परत पाठवलं की आता याचं याला जमतंय, उगाच पैसे भरू नका. 2024 च्या जानेवारीत केंद्राची नियमावली आली, कोचिंग सेंटरने 16 वर्षांखालची मुलं घ्यायची नाहीत, त्यावरून बोलताना मी सहज गल्लीतल्या क्लासचं बोलतेय असं तुम्हाला भासवलं होतं, तेव्हाच माझ्या मनात नोकरी सोडायचं चाललं होतं. ती नियमावली 50 च्या वर मुलं असतील त्यांना आहे, माझी अठरा आहेत. पाहुण्यांना तुम्ही अजून "कंपनीत आहे" सांगता ते मला कळलंय. माझ्यासाठी सांगता हेही कळतं. पण आता शिकवणी घेते म्हणून सांगा ना, गुरुजींची मुलगी शिकवते यात लपवण्यासारखं काय आहे.

मीटिंग संपल्यावर ती पोटदुखीवाल्या मुलाची आई माझ्याकडे आली. म्हणाली, तुमच्या वडिलांचा राग येतो का अजून. मी म्हटलं, येतो, आणि त्यांच्यासारखंच शिकवायला बघते. तिला काय समजलं माहीत नाही पण सोमवारपासून मुलगा येतोय. दोन दिवस नुसता बसला. तिसऱ्या दिवशी वही उघडली.

आता काम. दादा शनिवारी येतोय तर त्याच्याबरोबर माळ्यावरच्या पत्र्याच्या डब्यातली धान्याची मापं पाठव आई. चिपटं, मापटं, शेर, अधोली सगळी, आणि पायली असेल तर ती पण. पाव, अर्धा, एक, दोन, चार शेर, असं हातात धरून भरायला मिळालं ना तर अपूर्णांकाचं निम्मं काम तिथेच होतं, इथे विकत मिळणारे प्लास्टिकचे तुकडे मुलं एकदा बघतात आणि टाकून देतात. दोन चिपट्यांचं मापटं होतं हे ज्वारी ओतून बघितलेलं मूल पाव अधिक पाव कधी चुकणार नाही. अधोलीचा काठ चेपलाय तो ठोकून घेऊ नका, तशीच दे. जुन्या लुगड्यात गुंडाळ म्हणजे वाजणार नाहीत.

आणि बाबा, तुम्ही ऑक्टोबरची छाटणी झाली की आठ दिवस इकडे या. मुलांना पावकी, निमकी, पाऊणकी कुणी म्हणून दाखवलेलीच नाही, मला त्या चालीत येत नाही, मधेच अडखळते. यायला जमलंच नाही तर दादाच्या मोबाईलवर रेकॉर्ड करून पाठवा, सावकाश, एकेक. सात पाऊण मला तुमच्या आवाजात ऐकायचाय.

तुमची,
सोनी