माझ्या मृत्युपत्राचा मसुदा

ती. दादा व सौ. वहिनी यांस,
सा. न. वि. वि.

वहिनी, मागे फोनवर मी मृत्युपत्राचा विषय काढला तेव्हा "हे अभद्र आत्ताच कशाला" म्हणून तुम्ही तो थांबवलात, म्हणून सगळे सविस्तर लिहूनच कळवते आहे. माझी प्रकृती उत्तम आहे, काळजीचे काही कारण नाही. पण मी लग्न केले नाही, मला मूलबाळ नाही, आणि आई-बाबा व ताई आता हयात नाहीत. अशा माणसाने मृत्युपत्र न करणे म्हणजे आपल्या माघारी सगळा घोळ जवळच्याच माणसांना निस्तरायला लावणे, असे माझे मत पक्के झाले आहे. सोबत भारतातल्या मालमत्तेपुरता मसुदा जोडला आहे. पुढच्या वेळी इंग्लंडहून तिकडे आले की त्यावर सही करायची आहे, त्यामुळे तो दोघांनी आधी शांतपणे वाचावा.

"तुझ्यामागे आहे कोण, तुला मृत्युपत्र कशाला?" असे मला अनेकांनी विचारले आहे. मृत्युपत्र नसले तर वारस कायदा ठरवतो. 1956 च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या कलम 15 प्रमाणे अविवाहित आणि अपत्य नसलेल्या स्त्रीची स्वकष्टार्जित मालमत्ता आई-वडिलांकडे आणि ते नसल्यास वडिलांच्या वारसांकडे जाते. म्हणजे माझ्या बाबतीत निम्मी दादाकडे आणि निम्मी ताईच्या मुलाकडे. इंग्लंडचा कायदाही जवळपास तीच वाटणी करील. यात अन्याय काही नाही, पण माझ्या शस्त्रक्रियेनंतर रोज संध्याकाळी येऊन औषधांचा डबा भरून ठेवणारी माझी इथली मैत्रीण दोन्ही कायद्यांच्या हिशेबी कोणीच नाही, आणि ज्या गोष्टीला माझ्या मनात सर्वांत जास्त महत्त्व आहे तीही त्या वाटणीत कुठेच येत नाही.

ती गोष्ट आता स्पष्ट लिहिते. भारतातला माझा फ्लॅट मी संपूर्णपणे ताईच्या मुलाच्या नावे करते आहे. दादा, तुझे स्वतःचे घर आहे, तुझी दोन्ही मुले मार्गी लागली आहेत. त्याच्या डोक्यावर मात्र आई गेल्यापासून हक्काचे छप्पर नाही. माया कमी-जास्त असण्याचा यात काही संबंध नाही, आणि हे तुला माझ्या हयातीत, माझ्याच हातच्या पत्रातून कळावे, वकिलाकडून कळू नये, एवढ्यासाठी हे पत्र आहे.

सोसायटीच्या कागदांवर आणि बँकेत नॉमिनी म्हणून नाव तुझेच आहे, त्यामुळे इथे गैरसमज व्हायला नको. नॉमिनी हा मालक नसतो. वारसांच्या वतीने मालमत्ता ताब्यात घेणारा विश्वस्त असतो. शेअर्सच्या बाबतीतही नॉमिनीला मालकी मिळत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2023 मध्ये स्पष्ट केले. आयुर्विम्यात 2015 च्या दुरुस्तीने थोडा फरक झाला, पण तो आई-वडील, पती किंवा पत्नी आणि मुले नॉमिनी असतील तरच. भाऊ, बहीण, भाचा, पुतणी यांना तो लागू नाही. एकट्या माणसाने "नॉमिनेशन केले आहे, आता झाले" असे समजून स्वस्थ बसणे म्हणूनच धोक्याचे आहे. तुझे नाव मी बदलणार नाही, कारण विश्वस्त म्हणून तुझ्याइतका माझा दुसऱ्या कोणावर भरवसा नाही.

मसुद्यात प्रत्येक नावापुढे "ते माझ्याआधी वारल्यास" अशी ओळ आहे, ती वाचून वहिनींना वाईट वाटेल, पण ती मी मुद्दाम घातली आहे. मृत्युपत्रात ज्याला काही दिले तो आधीच गेला तर ते देणे सर्वसाधारणपणे रद्द होते. 1925 च्या भारतीय उत्तराधिकार कायद्याने याला एक अपवाद ठेवला आहे, आणि इंग्लंडच्या 1837 च्या मृत्युपत्र कायद्यातही तसाच आहे. पण दोन्हीकडे तो मृत्युपत्र करणाऱ्याच्या स्वतःच्या मुला-नातवंडांपुरताच आहे. हे दोन्ही कायदे करणाऱ्यांच्या नजरेसमोर भरले घर होते. भाच्याला, पुतणीला किंवा मैत्रिणीला काही द्यायचे असेल तर पर्यायी नाव आपणच लिहावे लागते. त्याचप्रमाणे "याखेरीज माझी जी काही मालमत्ता असेल ती" हे कलमही अत्यावश्यक आहे, नाहीतर यादीत राहून गेलेली एखादी ठेव पुन्हा कायद्याच्या वाटणीत जाते.

याहून अधिक विचार मला एका वेगळ्याच प्रश्नाचा करावा लागला: हे सगळे करणार कोण? नवरा किंवा मुले असली की कोणीतरी न सांगता उभे राहते. माझ्यामागे बँकेत जाणे, देणी भागवणे, दाखले काढणे, कपाटे रिकामी करणे हे काम कोणाचे, ते मी लिहून ठेवले नाही तर कोणाचेच नाही. म्हणून इथल्या मालमत्तेसाठी माझी मैत्रीण आणि भारतातल्या मालमत्तेसाठी तुमची मुलगी, अशा दोघी व्यवस्थापक नेमल्या आहेत. दादा, तू माझ्याहून वयाने मोठा आहेस, एवढेच तुला न नेमण्याचे कारण. मुलीला मात्र तुम्ही मोकळेपणाने विचारावे आणि तिने नाही म्हटले तर मला कळवावे. तिच्यावर भिडेखातर हे ओझे नको.

मृत्युपत्रे दोन असतील. भारतातली स्थावर मालमत्ता भारतीय कायद्यानेच जाणार, म्हणून वेगळे मृत्युपत्र सोयीचे आहे. यात एक मोठा धोका असतो. "यापूर्वीची सर्व मृत्युपत्रे रद्द समजावीत" हे वाक्य छापील नमुन्यात ठरलेले असते, आणि ते नंतरच्या मृत्युपत्रात तसेच राहिले तर आधीचे, दुसऱ्या देशातले मृत्युपत्रही त्याने रद्द होऊ शकते. म्हणून दोन्हींत ते फक्त त्या त्या देशातल्या मालमत्तेपुरते आहे, असे शब्द घातले आहेत.

इथले मृत्युपत्र पूर्ण झाले. शेजारचे दोघेजण साक्षीदार म्हणून आले, मी सही करीपर्यंत दोघेही टेबलाशी बसून राहिले आणि मग माझ्यासमोर त्यांनी सह्या केल्या. इंग्लंडमध्ये दोन्ही साक्षीदार एकाच वेळी हजर असावे लागतात, आणि साक्षीदाराला किंवा त्याच्या जोडीदाराला काही दिलेले असेल तर ते देणे बाद होते. सॉलिसिटर बाईंनी पिना लावलेला तो गठ्ठा हातात देताना बजावले, की झेरॉक्ससाठीसुद्धा पिना काढू नका, कारण भोके दिसली की एखादे पान बदलले किंवा काढले असावे अशी शंका घेतली जाते.

भारतातही साक्षीदार दोन लागतात, पण दोघे एकाच वेळी हजर असणे बंधनकारक नाही. न्यायालयात मृत्युपत्र सिद्ध करताना त्यांच्यापैकी किमान एकाची साक्ष लागते, म्हणून ते आपल्याहून तरुण, पत्ता सहज सापडणारे आणि मृत्युपत्रातून काही न मिळणारे असावेत. दादा, अशी दोन नावे तू सुचवावीस. नोंदणी सक्तीची नसली तरी मी ती दुय्यम निबंधकांकडे करणार आहे.

कराचे थोडक्यात सांगते. भारतात 1985 नंतर वारसाकर नाही. ब्रिटनमध्ये मात्र 6 एप्रिल 2025 पासून, गेल्या 20 वर्षांपैकी किमान 10 वर्षे इथे राहिलेल्याची जगभरातली मालमत्ता हिशेबात येते, म्हणजे तो फ्लॅटही. 3,25,000 पौंडांच्या वर साधारण 40 टक्के कर आहे, जोडीदाराला दिलेल्याला तो माफ आहे आणि राहते घर मुला-नातवंडांना दिल्यास जादा सूट आहे. या दोन्ही सवलती मला लागू नसल्याने कराची रक्कम इथल्या ठेवींतून भरावी असे लिहिले आहे, जेणेकरून भाच्याला फ्लॅट विकावा लागू नये.

मृत्युपत्र मृत्यूनंतरच लागू होते. स्मृती गेली किंवा शुद्ध हरपली तर त्याचा काही उपयोग नाही. भारतातले साधे कुलमुखत्यारपत्रही मालकाचे मानसिक भान गेले की संपते. म्हणून पैशांचे आणि उपचारांचे निर्णय घेण्यासाठी इथल्या कायद्याप्रमाणे दोन स्वतंत्र अधिकारपत्रे मैत्रिणीच्या नावे नोंदवली आहेत. ती तुम्हाला कधी फोन करून माझ्या उपचारांविषयी बोलू लागली तर परकी बाई आहे असे समजू नका. मला काय हवे-नको ते मी तिला सांगून ठेवले आहे. अंत्यविधीबद्दलची इच्छाही तिलाच सांगितली आहे, कारण मृत्युपत्र बहुधा त्यानंतरच उघडले जाते.

भाच्याला मी अजून काही सांगितलेले नाही. आधी तुमचे दोघांचे मत हवे. कोणतेही कलम खटकले तर मसुद्याच्या समासात लिहून पाठवावे, आणि सोसायटीच्या भागपत्राची (शेअर सर्टिफिकेटची) प्रत तुमच्याकडच्या फाइलीत असेल तर तीही पाठवावी. त्यावरचा क्रमांक परिशिष्टात भरायचा राहिला आहे.

मुलांना अनेक आशीर्वाद.

तुमची,
धाकटी बहीण