एफडी मोडायच्या आधी वाच

बाळा,

हे व्हॉट्सॲपवर पाठवतेय कारण समोर बोलायला गेलं की तू "आई तुला नाही कळणार" म्हणून हेडफोन लावतोस, आणि आपल्या घरात हॉल सोडून बोलायला जागा नाही, तिथे बाबांचा टीव्ही. दोन दिवस येता-जाता लोकलमध्ये टाइप करतेय. मध्येच तुटल्यासारखं वाटलं तर समज की कुर्ल्याला गर्दी चढली होती.

परवा जेवताना तू ती पोस्ट दाखवलीस. वय २७, चार वर्षं नोकरी, महिना ६० हजार एसआयपी म्हणजे म्युच्युअल फंडाचा हप्ता, नेटवर्थ म्हणजे सगळी मालमत्ता वजा कर्ज १ कोटी ८० लाख आणि वर प्रश्न काय तर "मी मागे पडलोय का?" नाव नाही, फोटो नाही. तू हसत दाखवलीस पण मग अर्धी पोळी ताटात ठेवून उठलास, आणि काल सकाळी बूट घालता घालता विचारलंस की तुझ्या नावाची तीन लाखांची एफडी मध्येच मोडली तर बँक किती कापेल. मी दादरला सीएच्या ऑफिसात २६ वर्षं काय उगाच बसलेय का रे, एवढं तर मला जोडता येतं.

तुझं एक वाक्य मात्र माझ्या डोक्यात राहिलं. तू म्हणालास, "आई त्याचं नावच नाही, मग खोटं बोलून त्याला काय मिळणार? फुशारकी मारायची असती तर नाव लावून मारली असती." मला ते पटलं, खरंच. भांडुपपासून घाटकोपरपर्यंत पटलेलं होतं. मग आमच्या ऑफिसातले लोक आठवले.

माझ्या टेबलासमोर बसून लोक आकडे सांगतात ना, त्यात मी एक बघितलंय की माणसाच्या एकाच कमाईचे तीन-तीन आकडे असतात. होम लोनची फाईल लावायची असली की मोठा, रिटर्न भरायचं असलं की बारका, आणि मुलासाठी स्थळं बघायला लागले की बायोडाटात तिसराच. आमचे एक जुने गिऱ्हाईक, दुकान आहे, रिटर्नमध्ये कसेबसे पाच लाख दाखवतात आणि त्याच आठवड्यात माझ्यासमोर फोनवर मुलीकडच्यांना सांगतात "महिना लाखभर कुठे गेला नाही". दोन्ही वेळा चेहरा इतका प्रामाणिक की मलाच कळेना कुठला आकडा लिहू. म्हणजे खोटं बोलायला फायदाच लागतो असं नाही, नुसतं बरं वाटावं म्हणूनपण माणूस बोलतो. नाव नसलं की एवढंच होतं की फॉर्म १६, म्हणजे कंपनीचा पगाराचा दाखला, दाखव म्हणणारं कोणी उरत नाही. आजोबांच्या चाळीत कोणी असं बोललं असतं तर खालच्या वाण्याने वरून ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं असतं, आधी वहीतली उधारी चुकव मग बोल.

आणि स्क्रीनशॉटचं तर बोलूच नकोस. आमच्याकडे आर्टिकलशिपला, म्हणजे सीए व्हायच्या आधीच्या उमेदवारीला, एक पोरगा आहे, त्याने मला डबा खाता खाता दाखवलं की कॉम्प्युटरवर बँकेचं पान उघडून त्यातला आकडा कसा बदलायचा. खात्यात काही होत नाही, फक्त आपल्या स्क्रीनवर दिसतं, फोटो काढला की झालं. माझ्या पगाराच्या खात्यात ४७ लाख दिसायला लागले. दोन मिनिटं पण लागली नाहीत. आणि खरं सांगू, खोटं आहे हे डोळ्यासमोर बघूनसुद्धा मला जरा बरं वाटलं. मी लगेच बंद नाही केलं ते पान.

तरी मी असं म्हणत नाहीये की तो पोरगा खोटारडा आहे. मी हिशेब केला त्याचा, सवय आहे. महिना ६० हजार, चार वर्षं, वर्षाला १२ टक्के मिळाले असं धरलं तरी होतात ३७ लाखांच्या आसपास. १ कोटी ८० लाख व्हायला पहिल्या पगारापासून दर महिन्याला २ लाख ९० हजार बाजूला टाकायला हवेत. मग वरचे एक कोटी चाळीस लाख आले कुठून? परत तुझ्याकडून पोस्ट मागून नीट वाचली तर शेवटी बारीक ओळ होती, "पुण्याचा फ्लॅट धरून". अरे मग तो फ्लॅट कोणी घेतला ते लिही ना! बापाने घेतलाय की गावची जमीन विकून आलाय की लग्नात मिळालाय. खोटं एक अक्षर नाही त्यात, आणि तरी तू रात्री दोन वाजेपर्यंत जागा होतास, मला हॉलमधला मोबाइलचा उजेड दिसतो.

तुझ्या त्या मित्राच्या २४ लाखांच्या पॅकेजचं पण तसंच. सीटीसीमध्ये, म्हणजे तुझ्यावर कंपनीचा होणारा एकूण खर्च, त्यात कंपनीचा पीएफचा वाटा असतो, बेसिकच्या ४.८१ टक्के ग्रॅच्युइटी धरतात जी साधारण पाच वर्षं टिकलास तर हातात येणार, कामगिरीवर मिळणारा व्हेरिएबल असतो जो साहेबाच्या मर्जीवर, एकदाच मिळणारा जॉइनिंग बोनस असतो, आणि ते ईसॉप, म्हणजे कंपनीचे शेअर, जे चार वर्षांत हळूहळू मिळतात आणि कंपनी शेअरबाजारात लिस्टच झाली नाही तर नुसते कागद. कोणी म्हणतं फ्रीलान्सिंगमधून वर्षाला ६० लाख, ते बहुतेक आलेलं बिल असतं, त्यातून माणसांचे पगार, लॅपटॉप, टॅक्स गेल्यावर काय राहिलं ते कोणी लिहीत नाही. आणि एफ अँड ओवाल्यांचा, म्हणजे शेअरबाजारात फ्युचर्स-ऑप्शन्सचे सौदे करणाऱ्यांचा, टर्नओव्हर तर मजाच. आमच्याकडे जुलैत रांग लागते, सगळे आयटीआर ३ वाले, धंद्याच्या कमाईचा रिटर्न फॉर्म तो. टर्नओव्हर काढताना फायद्याचे सौदे आणि तोट्याचे सौदे दोन्ही वजाचं चिन्ह सोडून मिळवायचे असतात, त्यामुळे वर्षभरात अडीच लाख घालवलेल्या पोराचा टर्नओव्हर साठ लाख निघतो. बाहेर जाऊन तो मित्रांना काय सांगत असेल ते तूच ओळख. त्याच्या आईला तो तोटा आमच्या ऑफिसातून कळला, माझ्यासमोरच. ती बाई काही बोलली नाही, पाणी प्यायली आणि विचारलं की हा तोटा पुढच्या नफ्यातून वजा करायला किती वर्षं ओढता येतो. मी सांगितलं आठ, वेळेत रिटर्न भरलं तर.

आता मुद्द्याचं, कारण एफडी कशासाठी हवी ते तू सांगितलं नाहीस तरी तुझ्या टेबलावर त्या ट्रेडिंग शिकवणाऱ्या कोर्सचा कागद होता, ३५ हजार फी.

शेअरबाजारावर लक्ष ठेवणाऱ्या सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये आकडे काढले होते, २०२१-२२ ते २०२३-२४ अशी तीन वर्षं. एफ अँड ओ करणारे आपल्यासारखे साधे लोक एक कोटीच्या वर, त्यातल्या १०० पैकी ९३ जणांचा तोटा, माणशी सरासरी दोन लाख. खर्च जाऊन एक लाखाच्या वर नफा झाला फक्त एका टक्क्याला. हे तू पण वाचलं असशील आणि म्हणशील की मग ते एवढे स्क्रीनशॉट खोटे का सगळे? मी म्हणते नसतील खोटे. एक कोटीचा एक टक्का म्हणजे किती, एक लाख माणसं! एक लाख माणसांनी एकेक खराखुरा स्क्रीनशॉट टाकला तर तुझा फोन वर्षभर भरून वाहील. ते ९३ टक्के कुठे लिहितात? ते आमच्याकडे येतात, जुलैमध्ये, आणि हळू आवाजात बोलतात.

कोर्सवाल्यांचं तर वेगळंच. २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये सेबीने एका यूट्यूबवाल्याविरुद्ध ऑर्डर काढली, आमच्या सरांनी मोठ्याने वाचून दाखवली होती. लोकांना नफ्याची स्वप्नं दाखवून कोर्स विकत होता, आणि त्याच्या स्वतःच्या ट्रेडिंगचा हिशेब काढला तर अडीच वर्षांत २ कोटी ८९ लाखांचा तोटा. कोर्समधून मात्र १७ कोटींच्या वर गोळा केलेले. हा तर नाव-तोंडासकट होता बरं का, म्हणजे नाव असलं म्हणजे खरं असंही काही नाही.

दादरचं तर मी डोळ्यांनी बघितलंय. २०२५ च्या जानेवारीत त्या दागिन्यांच्या शोरूमबाहेर माणसं जमली होती, शटर बंद, पोलीस. दर आठवड्याला पैसे देतो सांगून गोळा केलेले. माझ्या ट्रेनमधल्या भाजीवाल्या मावशींचे पण त्यात होते. त्या पण कोणा लुच्च्याचं ऐकून नव्हत्या गेल्या, शेजारणीला सात-आठ आठवडे खरेच पैसे आले होते, तिने मोबाइलवर मेसेज दाखवला होता. मेसेज खराच होता. म्हणून मला आता खरं की खोटं हा प्रश्नच पुरेसा वाटत नाही. खरं असलं तरी काय?

हां, एक राहिलं. तुझा हातात पगार ५८ हजार, तुला तो कमी वाटतो. पिकेटी म्हणून एक फ्रेंच अर्थशास्त्रज्ञ आहेत, त्यांनी आणि इतरांनी २०२४ मध्ये भारतावर एक पेपर काढला, त्यात २०२२-२३ साली देशातल्या सज्ञान माणसांत वरच्या १० टक्क्यांत यायला वर्षाला २ लाख ९० हजार पुरत होते आणि वरच्या १ टक्क्यात यायला २० लाख ७० हजार. आता हे अख्ख्या देशाचं, मुंबईत भाडं भरायला लागलास की त्याने पोट भरत नाही हे मला माहितीये, मी काही तुझी समजूत घालत नाहीये. पण वर्षाला ३० लाख म्हणजे "ॲव्हरेज" असं जे तू परवा बोललास ना, ते ॲव्हरेज कुठल्या गावचं ते विचार.

खरं तर मला हे सगळं लिहायचंच नव्हतं. मला राग तुझ्यावर नाही आला, आमच्यावर आला. तुला त्या परक्या पोराचं नेटवर्थ रुपयापर्यंत पाठ आहे आणि आपल्या घराचं विचारलं तर तुला शून्य माहिती. कारण आम्हीच नाही सांगितलं. आपल्यात पगार विचारणं म्हणजे असभ्य, सांगणं म्हणजे नजर लागते. बाबांचा पगार मला लग्नानंतर चार वर्षांनी कळला, तोही रेशन कार्डाच्या कामात. काकाला माहीत नाही आमचं, आम्हाला काकाचं माहीत नाही, दिवाळीला सगळे एकमेकांच्या सोफ्याकडे बघून अंदाज काढतात. मग तू आकडे बाहेरच शोधणार.

तर घे. माझा पगार ३१,५००. बाबांची पीएफची पेन्शन महिना ३,१००, हो, तीन हजार शंभरच. पीएफचे १९ लाख मिळाले होते, त्यातले साडेचार घराच्या दुरुस्तीत आणि त्यांच्या अँजिओप्लास्टीत गेले, बाकी एफडीत. माझ्या पीपीएफमध्ये ११ लाख. नऊ तोळे सोनं, त्यातलं चार आजीचं, ते मोडायचं नाही. भांडुपचं हे घर एजंट म्हणतो एक कोटी दहा लाखांना जाईल, जाईल पण मग राहायचं कुठे ते एजंट सांगत नाही. आणि मामाचे दीड लाख द्यायचे आहेत, ऑपरेशनच्या वेळचे, हे तुला माहीत नव्हतं, बाबांनी सांगू नको म्हटलं होतं.

मिळव आता. त्या पोस्टवाल्याच्या पद्धतीने आम्हीपण दीड कोटीच्या आसपास. वय ५४, मुंबई, नेटवर्थ दीड कोटी, कर्ज जवळपास नाही, असं नाव न लावता टाकलं तर एक अक्षर खोटं नसेल, आणि कुठेतरी कुणाचा तरी पोरगा जेवण टाकून उठेल. दीड कोटीची बाई आत्ता सेकंड क्लास लेडीजमध्ये दाराजवळ एका पायावर उभी आहे आणि शेजारणीच्या पिशवीतली मेथी तिच्या कोपराला लागतेय.

सगळे कागद निळ्या फायलीत आहेत, कपाटात माझ्या साड्यांच्या खाली, चावी देवाच्या डब्यात. रविवारी बाबा नाक्यावर गेले की दोघं बसू, तुझं पण एआयएस, म्हणजे इन्कम टॅक्सच्या साइटवरचा तुझ्या कमाईचा उतारा, काढून आण, पॅन आणि पासवर्ड लागेल. तुझी एफडीची पावती त्यातच आहे. ऑगस्टमध्ये मॅच्युअर होतेय, आधी मोडलीस तर साधारण एक टक्का व्याज कमी मिळेल, नक्की किती ते बँकेत विचारून सांगते. तुझे पैसे आहेत, सही तुझीच लागणार.

डब्यात आज शेपू आहे. परत आणू नकोस.

आई