एसटीच्या ताळेबंदातली सरकारी उधारी

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

राज्य परिवहन महामंडळाची श्वेतपत्रिका जून २०२५ मध्ये प्रसिद्ध झाली. संचित, म्हणजे वर्षानुवर्षे साचत आलेला, तोटा दहा हजार कोटी रुपयांच्या पुढे गेल्याचा आकडा तेव्हापासून भाषणांत, चर्चांत आणि आपल्या अंकातील वाचकपत्रांतही वारंवार येत आहे. मी उभी नोकरी सहकारी संस्थांच्या लेखापरीक्षणात घालवली. त्यामुळे तोटा हा शब्द कानावर पडला की तो कोणत्या खात्यात, कोणाच्या सहीने आणि कोणाच्या सांगण्यावरून झाला, हे पाहिल्याशिवाय चैन पडत नाही. एसटीच्या बाबतीत ही सवय फार उपयोगी पडते, कारण या ताळेबंदात महामंडळापेक्षा राज्य कसे चालवले जाते तेच अधिक स्पष्ट दिसते.

महामंडळ ज्या १९५० च्या केंद्रीय कायद्याखाली चालते, त्यातच घोळाचे मूळ आहे. जनतेला पुरेशी, कार्यक्षम आणि परवडणारी वाहतूक सेवा देणे हे महामंडळाचे कर्तव्य आहे असे एक कलम सांगते आणि कारभार व्यापारी तत्त्वांवर चालवावा असे दुसरे कलम सांगते. दोन्ही कलमे एकत्र पाळायची असतील, तर परवडत नसतानाही जी गाडी सोडायची तिचे पैसे कोणीतरी आधी आणि वेळेवर दिले पाहिजेत. ते ‘कोणीतरी’ म्हणजे राज्य शासन. परंतु शासन सोयीप्रमाणे कधी मालक होते, कधी गिऱ्हाईक होते आणि पगाराची वेळ आली की महामंडळ स्वायत्त असल्याची आठवण करून देते. २०२१ च्या दिवाळीच्या सुमारास सुरू होऊन पुढच्या वर्षीच्या एप्रिलपर्यंत चिघळलेला संप महामंडळाचे राज्य शासनात विलीनीकरण करण्याच्या मागणीवर झाला, याचे अनेकांना आश्चर्य वाटले होते. मला वाटले नाही. आपला मालक नेमका कोण, एवढेच ते चालक-वाहक विचारत होते.

आता सवलतींकडे पाहू. पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना ऑगस्ट २०२२ पासून मोफत प्रवास मिळाला, महिलांना मार्च २०२३ पासून अर्धे तिकीट मिळाले आणि आधीपासूनच्या सवलती होत्याच. या सवलतींना माझा विरोध नाही. अर्ध्या तिकिटामुळे माहेरी, बाजाराला, दवाखान्यात जाणाऱ्या बायांची संख्या डोळ्यांना दिसेल इतकी वाढली, आणि ते चांगलेच झाले. आक्षेप वेगळा आहे. सवलत जाहीर होते त्या दिवशी फलकांवर छायाचित्रे मंत्र्यांची असतात आणि प्रतिपूर्तीची, म्हणजे सवलतीपोटी बुडालेल्या भाड्याच्या भरपाईची, रक्कम मागायला जायचे ते महामंडळाने, हातात अर्ज घेऊन. ती रक्कम उशिरा आली की पगार लांबतो, भविष्य निर्वाह निधीचा आणि ग्रॅच्युइटीचा भरणा थकतो, टायर आणि सुटे भाग आज घ्यावेत की पुढच्या महिन्यात, यावर आगारात खल होतो. ज्या संस्थेचे सर्वांत मोठे येणे तिच्या मालकाकडेच अडकते, तिच्या अडचणीला कोणताही लेखापरीक्षक नुसता तोटा म्हणणार नाही.

शिवाय सवलत तिकिटावर आहे, गाडीवर नाही. पाच-सात वर्षांपूर्वी अठरा हजारांच्या आसपास असलेला ताफा पंधरा हजारांच्या घरात आला, आणि उरलेल्यांतील कितीतरी गाड्या भंगारात निघण्याच्या वयाच्या आहेत. ज्या गावाची फेरीच बंद झाली, त्या गावातील बाईला खासगी वडापच्या जीपमध्ये दाटीवाटीने बसून पूर्ण भाडे मोजावे लागते. तिच्यापुरती ही योजना जाहिरातीतच राहते.

कराचे गणित तर मला निवृत्तीनंतरही पचलेले नाही. एसटीच्या साध्या प्रवाशाकडून भाड्याबरोबर १७.५ टक्के प्रवासी कर घेतला जातो. विमानाच्या साध्या वर्गाच्या तिकिटावर वस्तू व सेवा कर ५ टक्के आहे. एक कर राज्याचा, दुसरा केंद्राने आणि राज्यांनी मिळून ठरवलेला, तेव्हा ही तुलना काटेकोर नाही, हे मी मान्य करतो; पण तालुक्याच्या दवाखान्यात निघालेल्या शेतमजुराने विमानप्रवाशाच्या तिपटीहून अधिक दराने कर द्यावा, ही व्यवस्था इतकी वर्षे टिकते, कारण तो शेतमजूर शिष्टमंडळ घेऊन मंत्रालयात जात नाही.

मोटारीतून जाणाऱ्यांचे तसे नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये विधानसभा निवडणूक जाहीर होण्याच्या आदल्या दिवशी मुंबईच्या पाचही प्रवेशनाक्यांवर मोटारींचा टोल माफ झाला. त्यामुळे बुडणाऱ्या उत्पन्नाची भरपाई सरकारी तिजोरीतून होणार होती, पण त्या रकमेला कोणी तोटा म्हटल्याचे माझ्या वाचनात नाही. समृद्धी महामार्गावर पन्नास हजार कोटींहून अधिक खर्च झाला; तो टोलमधून कधी फिटेल, असे विचारणाऱ्याला विकासाचा विरोधक ठरवले जाते. रस्त्यावर घातलेला पैसा ही गुंतवणूक आणि त्याच रस्त्यावरून पन्नास लाखांहून अधिक माणसांना रोज नेण्यावर घातलेला पैसा हा तोटा, ही विभागणी लेखाशास्त्राच्या कोणत्याही पुस्तकात नाही. ती मंत्रिमंडळाच्या टेबलावर होते.

आणि तरीही गाड्या नसतात असे नाही. मोठ्या नेत्याची सभा असली, ‘शासन आपल्या दारी’सारखा कार्यक्रम असला की आगारातून गाड्यांची रांग निघते. ‘प्रासंगिक करार’, म्हणजे एखाद्या कार्यक्रमापुरती भाड्याने दिलेली गाडी, असा फलक पुढे लावलेला असतो. कराराप्रमाणे भाडे आकारले जाते, म्हणून पुस्तकात ती जमेची बाजूच दिसते. परंतु त्या दिवशी रद्द झालेली शाळेची फेरी, थांब्यावरून घरी परतलेल्या मुली, बुडालेला चाचणीचा पेपर यांची नोंद करायला कोणत्याही पुस्तकात रकाना नाही. माझ्या मते सगळ्यांत मोठी रक्कम तीच आहे.

कारभाराच्या खुर्चीबद्दल थोडक्यात लिहितो. सप्टेंबर २०२४ मध्ये, निवडणूक दोन महिन्यांवर असताना, मंत्रिपदाची दीर्घकाळ वाट पाहणाऱ्या एका आमदाराला महामंडळाचे अध्यक्षपद देण्यात आले. पुढच्या वर्षी ते आधी सनदी अधिकाऱ्याकडे आणि नंतर परिवहनमंत्र्यांकडेच गेले. याच काळात १३१० गाड्या भाडेतत्त्वावर घेण्याच्या प्रक्रियेला स्थगिती मिळाली आणि ५१५० विजेच्या गाड्यांपैकी दहावा हिस्साही २०२५ च्या मध्यापर्यंत रस्त्यावर आलेला नव्हता. प्रवाशांची १४.९५ टक्के भाडेवाढ मात्र त्याच वर्षीच्या जानेवारीत ठरल्यासारखी लागू झाली. महामंडळाच्या आत गैरव्यवहार नाहीत, असे मी म्हणणार नाही. खरेदीच्या निविदा पाहिलेल्या माणसाला तसे म्हणता येत नाही. पण वर्षभरात तीनदा धनी बदलणाऱ्या संस्थेत चोरी पकडायची तरी कोणी?

मुंबईकर वाचकांना हे ग्रामीण रडगाणे वाटू नये म्हणून बेस्टचे, म्हणजे मुंबई महापालिकेच्या बससेवेचे, एक उदाहरण देतो. मे २०२५ मध्ये किमान भाडे ५ रुपयांवरून १० रुपये झाले. तेव्हा मुंबई महापालिकेत मार्च २०२२ पासून लोकनियुक्त सभागृह नव्हते आणि त्यामुळे बेस्ट समितीही नव्हती. ऐंशी हजार कोटींच्या आसपास ठेवी बाळगणाऱ्या महापालिकेच्या बसचे भाडे दुप्पट झाले आणि त्याबद्दल जाब विचारायला मुंबईकराला नगरसेवकच नव्हता.

माझ्या तरुणपणी दप्तर तपासायला मी आडगावच्या सोसायट्यांमध्ये जात असे, ते मुक्कामी गाडीने. चालक आणि वाहक देवळात किंवा शाळेच्या पडवीत झोपत, आणि पहाटे गाडी निघताना तालुक्याला शिकणाऱ्या मुलांचे डबे आया वाहकाच्या हवाली करत. प्रत्येक डब्याला फडके बांधलेले आणि वर मुलाचे नाव लिहिलेले असे. त्या डब्यांचे भाडे कोणी आकारल्याचे मला आठवत नाही. १ जून १९४८ रोजी पुण्याहून तेव्हाच्या अहमदनगरला पहिली गाडी सुटली, तिच्यामागे राज्य म्हणजे काय याची एक कल्पना होती आणि ती कल्पना अशा पहाटेच्या गाड्यांमधून आमच्यापर्यंत पोहोचली होती. आज अनेक गावांतील मुक्कामी गाड्या बंद आहेत. भारमान, म्हणजे गाडीतील आसनांच्या तुलनेत प्रवाशांचे प्रमाण, पुरेसे नाही, असे कारण दिले जाते. पहाटेची गाडी बंद झाली की मुले तालुक्याला खोली घेतात किंवा शाळा सोडतात, आणि मग भारमान आणखी घटते.

माझी मागणी लहान आहे आणि तिला निधी लागत नाही. प्रत्येक आगारातील चौकशी खिडकीशेजारी एक फळा असावा. त्यावर त्या दिवशी रद्द झालेल्या फेऱ्या आणि त्यांचे कारण खडूने लिहावे: गाडी नादुरुस्त, चालक उपलब्ध नाही, प्रासंगिक करार. करार असेल तर कोणत्या कार्यक्रमासाठी, तेही लिहावे. महिन्याअखेरीस शासनाकडून येणे असलेल्या सवलतींची रक्कम त्याच फळ्याच्या तळाशी लिहावी. आपल्या वृत्तपत्राच्या तालुका वार्ताहरांनी त्या फळ्याचे छायाचित्र महिन्यातून एकदा छापले, तर पुढचे लेखापरीक्षण थांब्यावर उभे असलेले लोकच करतील.

आपला,
एक निवृत्त लेखापरीक्षक
जि. सोलापूर